आत्याला वाचून दाखवलेली ‘फेटलेसनेस’

आमच्या आत्याची सगळी नोकरी कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात झाली, प्राथमिक शिक्षिका म्हणून. आज लोक गांधीनगरला जातात ते घाऊक कापडासाठी, लग्नाचा बस्ता बांधायला. पण ही वसाहत मुळात वळिवड्याचा कॅम्प. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलेली ही माणसं इराणमार्गे आपल्याकडे आली होती. ती गेल्यावर फाळणीत घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत राहायला आली. आत्याने पाटीवर अक्षरं गिरवून घेतली ती त्यांच्या पोरांकडून.

निवृत्तीनंतर तिचं वाचन वाढलं आणि पुढे डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाला. माणूस कडेने दिसतो, पण जिथे नजर लावावी नेमका तिथेच काळा डाग. अक्षर तर वाचताच येत नाही. तेव्हापासून तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मराठी पुस्तकं बरीच झाली. मग एकदा ती म्हणाली, “युद्धातल्या पोराचं काहीतरी वाच की. पण पोरगंच सांगतंय असं बघ. त्याच्या मागं उभा राहून कुणी मोठा माणूस बोलतोय, तसलं नको.”

ही अट पुरी करणारं पुस्तक सहज मिळत नाही. या विषयावरची खूप खपलेली एक कादंबरी म्हणजे ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’, ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीच्या जर्मन अधिकाऱ्याच्या नऊ वर्षांच्या मुलाची, कुंपणापलीकडच्या ज्यू मुलाशी मैत्री करणाऱ्या ब्रूनोची. ती मला माहीत होती. पण ऑशविट्झ स्मारक-संग्रहालयानेच २०२० मध्ये जाहीर सांगितलं होतं, की नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी आणि तो शिकवणाऱ्यांनी ते पुस्तक टाळावं. त्याचं कारण मला पूर्ण पटतं. नऊ वर्षांचं ज्यू पोर ऑशविट्झला उतरलं, की बहुतेक वेळा त्याच दिवशी मारलं जाई. रोज दुपारी कुंपणाशी बसून गप्पा मारायला ते उरतच नसे. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग उरायचं कोण?” या प्रश्नाचं उत्तर ज्या पुस्तकात आहे तेच मी निवडलं: हंगेरियन लेखक इम्रे केर्तेस यांची ‘फेटलेसनेस’.

केर्तेस १९२९ साली बुडापेस्टमध्ये जन्मले. १९४४ मध्ये, चौदा वर्षांचे असताना, त्यांना ऑशविट्झला नेलं, तिथून जर्मनीतल्या बुखेनवाल्डच्या छावणीत, तिथून त्साइत्झ गावाजवळच्या कामाच्या छावणीत. कादंबरीतला मुलगाही याच वाटेने जातो. तरी केर्तेस तिला आत्मचरित्र म्हणू देत नसत. तिच्यावर त्यांनी दहा-बारा वर्षांहून जास्त काम केलं. पहिल्या प्रकाशनसंस्थेने हस्तलिखित परत केलं. शेवटी १९७५ मध्ये ती आली आणि फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. नोबेल मिळालं २००२ साली. माझ्या हातात टिम विल्किन्सन यांचा इंग्रजी अनुवाद होता. आत्याला इंग्रजी समजतं, पण ऐकून नाही. म्हणून मी एकेक वाक्य डोळ्यांखालून घालायची आणि ते लगेच मराठीत सांगायची. दिवेलागण झाली, की तिच्या कॉटशेजारी खुर्ची ओढायची आणि सुरू करायचं, असा क्रम ठरून गेला.

सुरुवात अगदी साधी आहे. मुलगा सांगतो, आज मी शाळेत गेलो नाही. म्हणजे गेलो, पण फक्त घरगुती कारणासाठी सुट्टी मागायला. वडिलांना सक्तीच्या श्रमसेवेचा हुकूम आला आहे. हंगेरीत त्या काळी ज्यू पुरुषांच्या हाती बंदूक देत नसत, त्यांना लष्कराच्या ताब्यातल्या मजूर तुकड्यांत घालत. उद्या वडील जाणार, म्हणून आज दुकानाची आवराआवर. दुकान लाकडाच्या वखारीचं. ते श्युत्यो नावाच्या हिशेबनिसाच्या हवाली करायचं आहे, कारण तो ज्यू नाही. दागिन्यांची पेटी आधीच त्याच्याकडे गेली आहे. तिची पावती घ्यायला हवी होती का, यावरून वडील आणि सावत्र आई हलक्या आवाजात बोलतात. मुलगा हे सगळं ऐकतो, आणि त्याच्या डोक्यात मुख्य विचार हा, की आज कोट घालून फिरण्याइतकी थंडी नाही, पण ज्यूंनी लावायचा पिवळा तारा कोटावर शिवलेला आहे.

तिसऱ्या-चौथ्या पानालाच आत्याने विचारलं, “त्याला काहीच कळत नाही का गं?” मी म्हटलं, कळतं, पण तो त्याला कळतं तेवढंच सांगतो. “हं,” ती म्हणाली आणि थोडी थांबून पुढे म्हणाली, “पोरं अशीच सांगतात. माझ्या वर्गात एकाचा बाप वारला होता. तेराव्यानंतर शाळेत आला आणि मला काय म्हणाला, तर ‘बाई, आमच्या घरी मुंबईचे काका आलेत, त्यांनी मला पेन दिलं.’ बाप गेल्याचं पेनच्या नंतर.” तेवढ्यावरून तिला या पुस्तकाची चाल समजली. मला समजायला बराच वेळ लागला असता.

पहिल्या प्रकरणातला पावाचा प्रसंग मी तिच्या आग्रहाने दोनदा वाचला. सावत्र आई मुलाला पाव आणायला पाठवते. कूपन दाखवायचं, रांगेत उभं राहायचं. बेकरीवाला त्याच्या नमस्काराला उत्तर देत नाही. ज्यू त्याला आवडत नाहीत हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे. पावही तो वजनाला चांगलाच कमी देतो. आता चौदा वर्षांच्या पोराला यावर राग यावा, रडू यावं. द्युरी, घरचे त्याला द्युरी म्हणतात, तसं काहीच करत नाही. तो त्या बेकरीवाल्याच्या जागी उभा राहून विचार करतो. त्याची चिडकी नजर आणि हाताची सफाई बघून द्युरीला उमगतं, की या माणसाला ज्यूंचा तिटकारा असणं भागच आहे. तो तिटकारा नसता, तर आपण गिऱ्हाइकाला फसवतोय असं त्याला वाटलं असतं आणि ते वाईट वाटणं त्याला सोसलं नसतं. आता मात्र तो आपल्या मताशी प्रामाणिक राहून वागतोय.

आत्या उठून बसली. रेशनच्या रांगेत तिची हयात गेली आहे, मापात मारलेलं धान्य तिने घरी आणून परत मोजलेलं आहे. “म्हणजे आधी चोरी आणि मग द्वेष,” ती म्हणाली. “आपण उलटं समजत होतो.” द्वेषावर मी याआधी बरंच वाचलं होतं. इतकं नेमकं कुठेच वाचलं नव्हतं. एका पोराला पाव घेताना हे दिसतं, आणि ते दिसलं याचं त्याला विशेष काही वाटत नाही. पाव घेऊन तो घरी जातो.

याच प्रकरणात तारे विकत घेतात तोही तपशील आहे. घरी कापून शिवलेला तारा वेडावाकडा होतो, दुकानात मिळतो तो पुठ्ठ्यावर कापड ताणून बसवलेला, कडा नीट. दुकानातला जास्त छान दिसतो, असं मुलगा नोंदवतो. ५ एप्रिल १९४४ पासून हंगेरीतल्या ज्यूंना तो तारा लावणं सक्तीचं झालं होतं. १९ मार्चला जर्मन फौजा देशात आल्या होत्या. म्हणजे जेमतेम अडीच आठवडे, आणि तेवढ्यात ताऱ्यांत बरावाईट माल दिसायला लागला होता.

या तारखा मी आत्याला सांगत होते, कारण मला राहवत नव्हतं. मी शेजारी एक वही ठेवली होती. आधी जाऊन वाचून ठेवायचं, नकाशा बघायचा, आणि गोष्टीत मध्ये थांबून सांगायचं. १५ मे ते ९ जुलै १९४४, दोन महिनेही नाहीत, एवढ्यात हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यूंना गाड्यांत भरून पाठवलं, बहुतेकांना ऑशविट्झला. त्यातल्या बहुसंख्य माणसांना पोहोचल्या पोहोचल्या मारलं. युद्ध जर्मनी हरणार हे तोवर दिसत होतं, तरीही. ही माणसं धरणारे, मोजणारे, डब्यांत चढवणारे बहुतेक हंगेरियन पोलीसच होते. जुलैच्या सुरुवातीला राज्यप्रमुख होर्ती यांनी गाड्या थांबवल्या, म्हणून खुद्द बुडापेस्टमधले बरेच ज्यू त्या उन्हाळ्यात वाचले.

आत्याने दोन दिवस ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तू मध्ये मध्ये इतिहास सांगू नकोस. त्याला माहीत नाही ते मला आत्ता सांगू नकोस. तो चाललाय तसं मला चालू दे.” मी वही मिटली. ते पुस्तक वाचायची खरी रीत मला त्या बोलण्यामुळे लागली. आपण सगळे शेवट माहीत असलेले वाचक आहोत. ऑशविट्झ हा शब्द दिसला, की आपलं मन धावत पुढे जातं, धुराड्यापाशी जाऊन उभं राहतं आणि तिथून मुलाकडे वळून त्याची कीव करतं. केर्तेस ती सोय काढून घेतात. मुलगा एका पावलाने जातो, तर आपणही एकाच पावलाने जायचं.

वडील गेल्यावर दोनेक महिन्यांनी द्युरीला कामावर लावतात. शहराच्या हद्दीबाहेर चेपेलला तेलशुद्धीकरणाचा कारखाना आहे, तिथे. त्याच्याकडे रीतसर परवाना आहे, त्यावर शिक्के आहेत, त्याचा त्याला थोडा अभिमानही आहे. एके सकाळी पोलीस बस थांबवतो, ताऱ्यावाल्या पोरांना खाली उतरवतो. कागद बघायचेत, असं तो म्हणतो. पोरं जकातनाक्यात दिवसभर बसतात, खेळतात, चेष्टामस्करी करतात. पोलीसही बरा आहे. दुपार उलटल्यावर मोठ्या माणसांचा जथा येतो, सगळ्यांना रांगेने शहरातून चालवत नेतात. एका चौकात ट्राम आडवी येते, रांग तुटते, आणि त्या गडबडीत कुणी कुणी सटकतं. द्युरी बघतो. त्यालाही सटकता आलं असतं. पण ते त्याच्या सचोटीला पटत नाही, म्हणून तो रांगेतच राहतो.

इथे आत्या ओरडलीच. “पळ की! पळ ना!” तिचा आवाज ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून आली. मला पुढचं वाक्य सांगवेना. आत्याने आयुष्यभर पोरांना रांगेत उभं केलं होतं, रांग मोडली म्हणून ओरडली होती, आणि ते तिला त्या क्षणी आठवलं असणार. तिने तसं बोलून दाखवलं नाही. पण त्या संध्याकाळी पुढे वाचायचं नाही म्हणाली.

गाडीचा प्रवास केर्तेस थोडक्यात सांगतात. बंद डबा, साठ माणसं, पाणी नाही. हद्दीवर हंगेरियन शिपाई डब्याच्या खिडकीशी येतो आणि म्हणतो, तुमच्याजवळ सोनंनाणं असेल तर द्या, शेवटी तुम्हीही हंगेरियनच. आतला माणूस म्हणतो, आधी पाणी. सौदा फिसकटतो. शेजारच्या डब्यातली आजारी म्हातारी रडायची थांबते. सगळे म्हणतात की ती म्हातारी होती, आजारी होती, तेव्हा समजण्यासारखं आहे, आणि मुलालाही ते समजण्यासारखं वाटतं.

मग पहाट, आणि स्टेशनच्या पाटीवरचं नाव. पोरं खिडकीशी गर्दी करून ते नाव वाचतात आणि त्यांना त्यातून काहीच बोध होत नाही. फलाटावर पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतली माणसं सामान उतरवायला चढतात. द्युरीला ते खरेखुरे गुन्हेगार वाटतात, कारण कैद्यांचे कपडे गुन्हेगारच घालतात. त्यांच्याबद्दल त्याला किळस वाटते. त्या मानाने जर्मन सैनिक स्वच्छ, टापटीप, शांत. त्यांना बघून जिवाला बरं वाटतं. पट्टेवाले कैदी मात्र पोरांच्या कानाशी येऊन घाईघाईने विचारतात, वय किती, आणि सोळा सांग, सोळा, असं पुन्हा पुन्हा बजावतात. का, ते सांगत नाहीत. द्युरी ‘सोळा’ म्हणतो. डॉक्टर त्याच्याकडे बघतो. चेहरा चांगला आहे डॉक्टरचा, विश्वास बसावा असा. तो त्याला कामाला लायक असलेल्यांच्या बाजूला पाठवतो.

यानंतरचा अर्धाएक पानाचा मजकूर मला या कादंबरीतला सगळ्यांत भयंकर वाटतो, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही. आपल्या बाजूला उभा राहून द्युरी पुढच्या माणसांची निवड बघत बसतो. आता त्याला कामाची पद्धत कळली आहे. हा म्हातारा, तो लंगडा, त्याला चष्मा. तो डॉक्टरच्या डोळ्यांनी बघू लागतो. डॉक्टरने बरोबर ओळखलं की तो मनात शाबासकी देतो. डॉक्टरने एखाद्याला उगाच घेतलं, तर त्याला ते पटत नाही. आणि आपल्याला पसंत केलं याचा आनंद तर आहेच. छावणीत शिरताना उजव्या हाताला फुटबॉलचं मैदान दिसतं, हिरवंगार, पांढरे गोलपोस्ट लावलेलं. पोरं खूश होतात, काम झाल्यावर खेळायला मिळेल म्हणून.

मी वाचायची थांबले. आत्या म्हणाली, “वाच.”

हवेत एक गोडसर, चिकट वास आहे. मुलाला वाटतं, चामड्याचा कारखाना असेल. धुराडंही दिसतं. खरी गोष्ट त्याला कुणी एकदम सांगत नाही, ती इकडून तिकडून, कुजबुजीतून, त्याच दिवसात हळूहळू त्याच्यापर्यंत येते. आपल्याबरोबर गाडीतून उतरलेली, पलीकडच्या बाजूला गेलेली माणसं आत्ता तिकडे जळत आहेत. हे कळल्यावरही तो किंचाळत नाही. त्याच्या मनात येतं, की हे सगळं कुणीतरी टेबलाभोवती बसून ठरवलं असणार. एकाला गॅस सुचला असेल, दुसऱ्याला आंघोळीची बतावणी, तिसऱ्याला साबण, चौथ्याला फुलं. नवं काही सुचलं की हात चोळत, खुशीत. आणि त्याला आपल्या शाळेचे मुख्याध्यापक आठवतात, वर्षाच्या सुरुवातीला भाषण करणारे: आपण शाळेसाठी शिकत नाही, आयुष्यासाठी शिकतो. मग मला सगळी वर्षं ऑशविट्झबद्दलच शिकवायला हवं होतं, असं तो म्हणतो. तक्रार म्हणून म्हणत नाही, हिशेब करून म्हणतो. हे वाक्य झाल्यावर आत्या खूप वेळ बोलली नाही. ती शिक्षिका होती, तिला ते झोंबलं.

ऑशविट्झ त्याच्या वाट्याला फक्त तीन दिवस येतं. मग बुखेनवाल्ड, वायमार शहराच्या शेजारचं, आणि तिथून त्साइत्झ. बुखेनवाल्डला त्याला नंबर मिळतो, ६४९२१, आणि तो त्याने जर्मनमध्ये पाठ करायचा. त्साइत्झची प्रकरणं मी भराभर वाचली, कारण तिथे दिवस सगळे सारखे आहेत आणि मुलगा हळूहळू मोडत जातो. तरी बांदी त्सित्रोमबद्दल सांगायलाच हवं. हा बुडापेस्टचाच, वयाने थोडा मोठा कैदी. तो द्युरीला जगायला शिकवतो. कसलंही पाणी असो, अंग धुवायचंच. पाव एकदम खायचा नाही, सकाळसाठी तुकडा राखायचा. रांगेत चालताना कडेला राहायचं नाही, मध्ये राहायचं. सूप वाढतात तेव्हा पुढे घुसायचं नाही, मागे राहायचं, कारण तळाचं दाट असतं. आत्या यावर पहिल्यांदा हसली. पातेल्याच्या तळाशी काय असतं हे तिला सांगायला नको. पंगतीत शेवटी बसणारीचं ज्ञान आहे हे, म्हणाली.

पुढे द्युरी धुणं सोडतो, तुकडा राखणं सोडतो, बांदीही त्याच्यापुरता हात टेकतो. गुडघा सुजतो, पू होतो, चिरतात. शेवटी मरायला टेकलेल्यांच्या ढिगात त्याला परत बुखेनवाल्डला आणतात. हातगाडीवर पडल्या पडल्या संध्याकाळच्या हवेत त्याला सुपाचा वास येतो. त्याच्या निर्जीव झालेल्या शरीरात कुठेतरी एक इच्छा चुळबुळते आणि तो लाजत म्हणतो, की या सुंदर छळछावणीत मला आणखी थोडं जगायला आवडेल.

‘सुंदर’ ऐकल्यावर आत्याने मला हाताने थांबवलं. तिला वाटलं मी चुकीचं सांगतेय. मी पुन्हा बघितलं, तसंच होतं. तिने ते वाक्य मला पुन्हा सांगायला लावलं आणि स्वतःशी पुटपुटली, “भूक आहे ना अजून. भूक आहे तोवर पोरगं जगतंय.” माझ्या वाचलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा तिचं हे म्हणणं मला जास्त खरं वाटतं.

११ एप्रिल १९४५ ला बुखेनवाल्ड मुक्त झालं. पुस्तकात त्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून स्वातंत्र्याच्या घोषणा चालल्या आहेत, वेगवेगळ्या भाषांत, आणि दवाखान्याच्या बिछान्यावर पडलेल्या द्युरीला एकच काळजी आहे, आज सूप अजून कसं आलं नाही. सुपाची घोषणा होते तेव्हा कुठे तो उशीला टेकतो आणि आपण सुटलो याचा विचार करतो.

शेवटचं प्रकरण परतीचं आहे, आणि आमचं खरं भांडण त्यावर झालं. द्युरी बुडापेस्टला येतो. ट्राममध्ये तिकिटाला पैसे नाहीत, एक गृहस्थ पैसे भरतो. तो पत्रकार निघतो. त्याला छावणीच्या नरकाबद्दल ऐकायचंय, छापायचंय. द्युरी म्हणतो, नरक मला माहीत नाही, मला छावणी माहीत आहे. नरकाची कल्पना करायचीच झाली, तर जिथे कंटाळा येऊ शकत नाही अशी ती जागा असेल. छावणीत मात्र कंटाळा येतो, ऑशविट्झमध्येही. पत्रकार पत्ता देऊन जातो, द्युरी तो कागद टाकून देतो. बांदीच्या घरी त्याची आई आणि बहीण अजून वाट बघत आहेत. स्वतःच्या घराचं दार अनोळखी बाई उघडते आणि लावून घेते. वडील माउटहाउझेनच्या छावणीत वारले. सावत्र आईने श्युत्योशी लग्न केलं. हे त्याला शेजारचे दोन म्हातारे सांगतात, आणि सांगताना म्हणतात, मग तारे आले, मग ते आलं, मग हे आलं. आता सगळं विसर आणि नवं आयुष्य सुरू कर.

तेव्हा द्युरी पहिल्यांदा चिडतो. काहीच नुसतं ‘आलं’ नाही, तो म्हणतो, आपणही गेलो. डॉक्टरच्या समोरची ती रांग. हजारभर पुरुष, प्रत्येकाला एक-दोन सेकंद. मधल्या माणसाची पाळी यायला दहा-वीस मिनिटं लागतात. त्या मिनिटांत तो उभा नसतो, पाऊल टाकत असतो, आणि प्रत्येक मिनिटाला काही वेगळं घडू शकलं असतं. फक्त ऑशविट्झमध्येच नाही, इथेसुद्धा, घरी, वडिलांना निरोप देताना. सगळ्यांनी आपापली पावलं टाकली, मीही. म्हातारे भडकतात: म्हणजे आम्हीच गुन्हेगार? आमच्यावर अत्याचार झाला आणि आम्हीच?

“बरोबर आहे त्यांचं,” आत्या ताडकन म्हणाली. “चौदा वर्षांच्या पोराने पाऊल टाकलं म्हणजे काय? त्याला दुसरीकडे जागा होती का? मुलांना रांगेत आम्ही उभं केलं. आम्ही सांगितलं, सरळ उभा राहा, बोलू नको, पुढे हो. पाऊल आमचं.”

मी म्हटलं, तो दोष घेत नाहीये. तो आपले दिवस परत मागतोय. ते सगळं त्याच्यावर नुसतं कोसळलं असं मानलं, तर ते वर्ष त्याचं राहतच नाही, मारणाऱ्यांचं होतं. त्याने सोळा सांगितलं, त्याने तुकडा राखला, त्याने तो राखायचं सोडलं. हे त्याने केलं. म्हणून तर शेवटी तो म्हणतो, की पुढच्या वेळी कुणी विचारलं तर मी छावणीतल्या सुखाबद्दल सांगेन. कारण दुःखाबद्दल सगळेच विचारतात.

“सांगू दे,” आत्या म्हणाली. “त्याने म्हणावं. आपण त्याच्या वतीने म्हणायचं नाही.”

या मुद्द्यावर आम्ही अजून एकमत झालेलो नाही. तिचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे. म्हाताऱ्यांना ती देते तेवढी सूट द्यायला मी तयार नाही.

पुस्तक संपल्यावर मी वही पुन्हा उघडली, या वेळी तिच्याच सांगण्यावरून. डिसेंबर २००२ मध्ये स्टॉकहोमला केलेल्या नोबेल व्याख्यानात केर्तेस यांनी सांगितलेली हकीकत तिला वाचून दाखवली. बुखेनवाल्ड स्मारकाच्या संचालकांनी त्यांना छावणीच्या रोजनिशीची एक प्रत पाठवली होती. १८ फेब्रुवारी १९४५. वजावटीच्या रकान्यात नोंद: कैदी क्रमांक ६४९२१, इम्रे केर्तेस, कारखान्यातला कामगार, जन्म १९२७, मृत. जन्मसाल आणि धंदा दोन्ही खोटे. पोरांमध्ये गणलं जाऊ नये म्हणून त्यांनी वय दोन वर्षांनी वाढवून सांगितलं होतं, आणि उपयोगाचे वाटावं म्हणून विद्यार्थीऐवजी कामगार. नंबर कादंबरीतलाच.

“म्हणजे उरायचा तो सोळा म्हणणारा,” आत्या म्हणाली. तिने पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न ती विसरली नव्हती.

माझ्या चुलतभावाचा मुलगा नववीत आहे. त्याला हे द्यावं का, असं मी तिला विचारलं. त्याच्या इतिहासाच्या पुस्तकात दुसरं महायुद्ध दोन-तीन पानांत आटोपतं. तिने तारखांपासून सुरू करू नको असं बजावलं. बेकरीवाल्यापासून सुरू कर, त्याला पावाचं वजन समजेल, मग ट्रामपर्यंत ने आणि तिथे थांबून विचार, तू काय केलं असतंस. तो मुलगा आता दर रविवारी येतो. ट्रामपाशी तो म्हणाला, मी पळालो असतो. आत्याने विचारलं, “शाळेत बाईंनी रांग सोडू नको सांगितलं तर सोडतोस?” तो म्हणाला, नाही. आणि मग त्याने स्वतःहून विचारलं, की ट्रामचा ड्रायव्हर काय बघत होता.

पुस्तकात ते दिलेलं नाही. आत्या आणि तो त्यावर तासभर बोलत होते. पुढे केर्तेस यांची ‘फियास्को’ घ्यायची, असं तिने ठरवलंय, हस्तलिखित नाकारलं जाण्याची गोष्ट तिच्यात आहे म्हणून. ती मी मागवली आहे.